थोरलीचं इंजिन बसलं

मराठीत काय काय बसतं याचा हिशोब करायला बसावं, तर करणारा उठायचा नाही. घसा बसतो, धंदा बसतो, भिंत बसते, उपाशी माणसाची गालफडं बसतात आणि परीक्षेला बसलेला मुलगा निकालानंतर घरी बसतो. ठामरावांची जुनी एसयूव्ही मात्र इतक्या वर्षांत कधी बसली नव्हती. ती बसली मेहुण्याकडून जेवून परतताना, उड्डाणपुलाच्या बरोबर माथ्यावर. पुढेही उतार, मागेही उतार, आणि मागच्या उतारावर हॉर्न वाजवणारी अख्खी मानवजात.

आधी बॉनेटमधून वाफ आली. मग आतून एक आवाज आला, जड कपाट सरकवताना कुणाच्या तरी पायावर यावं तसा. मग काहीच आलं नाही.

"काटा बघा, काटा," बायको म्हणाली.

ठामरावांनी काटा बघितला. इंजिन किती तापलंय ते सांगणारा तो काटा बरोबर मध्यावर होता. गेली कित्येक वर्षं तो तिथेच होता. ऊन असो, चढ असो, सात माणसं नि त्यांचं सामान असो, काटा जागचा हलत नसे, आणि ठामराव पाहुण्यांना तो कौतुकाने दाखवत. काटा हलत नव्हता, कारण तो केव्हाच मेला होता. त्या मेलेल्या काट्याच्या भरवशावर थोरली पोटात पाण्याचा थेंब नसताना पूल चढली होती.

थोरली म्हणजे गाडीच. ती घरात आली मुलीच्या जन्माआधी, म्हणून मुलगी आपोआप धाकटी झाली. धाकटी आता कॉलेजात होती, आणि "तुला भावंडं किती?" असं कुणी विचारलं की तिचा चेहरा अजूनही कसनुसा होई. ती लहान असताना तिने धावत्या गाडीचं दार उघडू नये म्हणून ठामरावांनी मागच्या दोन्ही दारांची कसलीशी कळ फिरवून ठेवली होती. ती उलटी कशी फिरवायची हे पुढे ना त्यांना आठवलं ना कुठल्या मिस्त्रीला सापडलं. तेव्हापासून थोरलीत मागे बसणाऱ्याला बाहेर पडायला ठामरावांची संमती लागे.

आता त्यांच्या नावाविषयी. ठामराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. इमारतीच्या सभेत ते दर वेळी "मी माझ्या मतावर ठाम आहे" अशी सुरुवात करत. भिंतींच्या रंगाबाबत ते फिकट पिवळ्यावर ठाम होते. इमारत पोपटी झाली. पाण्याच्या टाकीबाबत ते गच्चीवर ठाम होते. टाकी त्यांच्याच खिडकीखाली आली. ठाम राहणं आणि हरणं ही दोन कामं एकाच वेळी करणारा दुसरा माणूस त्या आवारात नव्हता. लोकांनी ठामराव म्हणायला सुरुवात केली ती पाठीमागे. पुढे पोस्टमनही तोंडावर म्हणू लागला, तेव्हा त्यांनी ते मोठ्या मनाने स्वीकारलं.

गॅरेजमधला मिस्त्री कमी बोलणारा म्हणून प्रसिद्ध होता. त्याचं कारण स्वभाव नव्हे, स्क्रू. त्याच्या पँटचे दोन्ही खिसे फाटके होते, त्यामुळे गाडीतून काढलेले स्क्रू तो ओठांत धरी. जास्त बोललं की स्क्रू पडे आणि मग तो शोधण्यात दुपार जाई. म्हणून जे काय सांगायचं ते दोन-तीन शब्दांत. ओढून आणून आवारात उभ्या केलेल्या थोरलीचं त्याने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं, बराच वेळ कुणाचं तरी सांत्वन केल्यासारखा आत राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "इंजिन बसलं."

"म्हणजे?"

"बसलं. संपलं."

"दुरुस्त?"

मिस्त्रीने मान हलवली. मग फार मोठा निर्णय घेतल्यागत स्क्रू हातात काढून म्हणाला, "दुसरं टाकावं लागेल साहेब. नाहीतर भंगारात द्या. तुमची मर्जी." आणि स्क्रू परत तोंडात.

ठामरावांची मर्जी काय आहे हे कळायच्या आत ती बदलायला माणसं जमली. पहिला मेहुणा. त्याच्याच घरचं जेवण अंगाशी आलं होतं, त्यामुळे सल्ला देण्याचा पहिला हक्कही तो आपला समजत होता. त्याच्याकडे नवीकोरी, विजेवर चालणारी, आवाजच न करणारी गाडी होती. ती इतकी गप्प असे की तो स्वतः तिच्या वतीने बोलत असे.

"भावोजी, सोडा आता तिला. माझ्या ओळखीचा भंगारवाला आहे. क्रेन घेऊन दारात येतो. तुम्हाला खालीसुद्धा उतरायला नको."

"मी खाली उतरणार आहे."

"अहो, जुन्या गाडीत नवं इंजिन म्हणजे..."

"नवं नाही, जुनंच. दुसरं जुनं."

"मग तर झालंच," मेहुणा म्हणाला आणि त्याने बहिणीकडे, तुझं नशीब, अशा नजरेने पाहिलं.

तळमजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. त्यांनी थोरलीच्या उघड्या बॉनेटमध्ये टॉर्च मारला, सवयीने "आ करा" म्हणाले आणि निदान केलं. "मूळच गेलंय. वरून काय भरायचं? काढून टाका. एकदा काढलं की शांत झोप लागते."

"काय काढू? इंजिन की गाडी?"

"ते तुम्ही ठरवा. मी आपला तत्त्वाचं सांगतो. काढून टाका."

पण सगळ्यांत गोड सहानुभूती आली इमारतीच्या सेक्रेटरींकडून, आणि तिथेच खरी मेख होती. थोरलीची उभं राहायची जागा इमारतीतली सर्वांत चांगली होती. डोक्यावर छप्पर, बाजूला लिफ्ट, समोर मोकळं. सेक्रेटरींची नवी पांढरी गाडी झाडाखाली उघड्यावर राही आणि पक्षी तिच्यावर रोज सकाळी आपला अभिप्राय नोंदवत. सेक्रेटरी बादली घेऊन अभिप्राय पुसत आणि पुसता पुसता थोरलीच्या जागेकडे बघत.

"ठामराव, वाईट झालं हो," ते म्हणाले. "घाई नाही. पण नियम असा आहे की बंद पडलेलं वाहन आवारात ठेवता येत नाही. आणि वाहनच नसलं, तर जागेचा प्रश्न आपोआप सुटतो. पुढच्या वार्षिक सभेत आपण प्रेमाने सोडवू."

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर वाचकाला वाटेल ठामराव नुसते हेकट होते. ते हेकट होतेच. पण शालेय पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनात ते मुद्रितशोधक होते. छापायला निघालेल्या पानावरच्या चुका लाल पेनाने पकडणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्याच सुमाराला प्रकाशनाने शुद्धलेखन तपासणारी संगणकाची प्रणाली घेतली होती. ठामरावांचं टेबल खिडकीपासून उचलून जिन्याखाली नेण्यात आलं, आणि साहेब म्हणाले, "तुमचा अनुभव आम्हाला हवाच आहे." जिन्याखाली ठेवलेल्या अनुभवावर दिवसभर लोकांच्या चपलांची धूळ पडत होती. इकडे प्रणालीने "राजाने प्रजेचे पालन केले" हे वाक्य "राजाने प्रजेचे पलायन केले" असं छापून जाऊ दिलं, कारण दोन्ही शब्द शुद्ध होते. ठामरावांनी ते पान साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू.

तेव्हा एक भाग बसला म्हणून अख्खी वस्तू भंगारात, हे ऐकल्यावर ठामरावांच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या एकट्या थोरलीच्या नव्हत्या.

"वार्षिक सभेच्या दिवशी," ते सेक्रेटरींना म्हणाले, "थोरली या फाटकातून स्वतःच्या इंजिनावर आत येईल आणि आपल्या जागेवर उभी राहील. सभा संपायच्या आत नाही आली, तर जागा तुमची. लिहून घ्या."

सेक्रेटरींनी सभेचं बुक आणून तिथल्या तिथे लिहून घेतलं. ठामरावांनी त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका सुधारून सही केली. आपल्याच गळ्याचा फास शुद्ध करून देणारा तो पहिलाच माणूस असावा.

बायकोने वर गेल्यावर एवढंच विचारलं, "जागा देऊन टाकली असती तर काय झालं असतं?"

"मी ठाम आहे."

"ते दिसतंच आहे. भाजीच्या पिशव्या मी फाटकापासून उचलून आणीन मग."

मिस्त्रीने इंजिन शोधलं. थोरलीच्याच जातीची एक गाडी कुणीतरी मागून ठोकली होती. मागचा भाग पापडासारखा, पुढचं इंजिन मात्र ठणठणीत. आता ते इकडे आणायचं, एवढंच. पण "एवढंच" हा शब्द सरकारी कचेरीच्या पायरीवर चप्पल काढतो आणि बाहेरच राहतो.

वाहन नोंदणी कचेरीतल्या खिडकीमागे एक कारकून होता. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आपुलकी नव्हती, घाई नव्हती.

"इंजिन बदलायला परवानगी लागेल," तो म्हणाला.

"तीच मागायला आलोय."

"परवानगीआधी गाडीची तपासणी. गाडी घेऊन या."

"इंजिन गेलंय. गाडी येणार कशी?"

"मग इंजिन बसवून आणा."

"परवानगी नसताना?"

"परवानगीशिवाय बसवता येत नाही."

"म्हणजे मी काय करू?"

"आधी परवानगी घ्या," कारकून म्हणाला आणि ठामरावांच्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे बघू लागला.

दुसरा कुणी असता तर हात टेकून घरी गेला असता. मेहुण्याने तर फोनवर "आता तरी क्रेन पाठवू?" असं विचारलंसुद्धा. ठामरावांनी क्रेनऐवजी टेम्पो ठरवला. मिस्त्रीने जुनं इंजिन साखळीने उचलून बाहेर काढलंच होतं. रिकाम्या पोटाच्या थोरलीला टेम्पोला बांधून, स्वतः स्टिअरिंग धरून, ठामराव भर बाजारातून कचेरीत दाखल झाले. वाटेत ओळखीची माणसं हात करत होती. तेही हात करत होते. ओढून नेली जाणारी गाडी चालवताना चेहरा कसा ठेवावा हे कुठल्याच पुस्तकात नाही. ठामरावांनी तो आपल्या पैशाने सारथी ठेवलेल्या माणसासारखा ठेवला.

तपासणी अधिकाऱ्यांनी बॉनेट उघडलं आणि आतून दिसणाऱ्या फरशीकडे पाहिलं.

"यात इंजिन नाही."

"नाही."

"मग मी तपासू काय?"

"तेच. इंजिन नाही हे तपासा."

"असं करता येत नाही."

"तुमचा नियम गाडी आणा म्हणतो. इंजिनासकट आणा असं त्यात कुठे आहे? दाखवा, मी परत जातो." ठामरावांनी नियमांचं पत्रक काढलं. त्यावर लाल पेनाने सुधारलेल्या एकवीस चुका होत्या. "शिवाय हे जरा बघा. तुम्ही 'वाहनाचे निरीक्षण' ऐवजी 'वाहनाचे निरक्षण' छापलंय. असं काही नसतं."

अधिकाऱ्यांनी पत्रक बघितलं, फरशी बघितली, टेम्पो फाटकात अडकल्यामुळे बाहेर लागलेली रांग बघितली. मग शिक्का काढला आणि लिहिलं, "तपासणी केली. इंजिन आढळले नाही. बसवण्यास हरकत नाही." ठामरावांच्या आयुष्यातला तो पहिला विजय होता, आणि तो एका पोकळीने मिळवून दिला होता.

मधल्या काळात घरी वेगळंच युद्ध पेटलं. थोरली गॅरेजमध्ये गेल्यावर जागा मोकळी पडली, आणि सेक्रेटरींची पांढरी गाडी रोज थोडी थोडी सावलीकडे सरकू लागली. आज एक चाक, उद्या दोन. मिस्त्रीला जुनं इंजिन गॅरेजमध्ये नको होतं. तेव्हा ठामरावांनी ते हमालांकरवी इमारतीत आणलं आणि लाकडी पाटावर थोरलीच्या जागेत, बरोबर मधोमध ठेवलं. वरून ताडपत्री. दुसऱ्या दिवसापासून एक कुत्रं त्यावर झोपू लागलं.

"हे वाहन नव्हे," सेक्रेटरी म्हणाले.

"वाहनाचाच भाग आहे. आत्मा म्हणा."

"आत्म्याला पार्किंग नसतं."

"नियम दाखवा."

सेक्रेटरींनी रात्रभर नियम चाळले असावेत. आत्म्याविषयी कुठेच काही नव्हतं.

मिस्त्रीच्या कालगणनेत मात्र एकच वार होता, उद्या. इंजिन आलं, पण त्याला धरून ठेवणारे रबराचे ठोकळे झिजलेले निघाले. ठोकळे आले, तर एक पाइप आखूड. पाइप लांब आणला, तर भोकं जुळेनात. ठामराव ऑफिस सुटल्यावर रोज गॅरेजमध्ये जात, स्टुलावर बसत आणि मिस्त्रीला "का होत नाही?" असं विचारत. मिस्त्री स्क्रूंच्या आडून "बघू" म्हणे. सभेच्या आदल्या दिवशी तो "सकाळी होईल" म्हणाला, तेव्हा ठामरावांनी चावी आपल्या खिशात टाकली.

"चावी लागेल," मिस्त्री म्हणाला.

"तेव्हा फोन कर. मी घेऊन येतो. इतके दिवस सगळ्यांचं ऐकून घेतलंय. पहिल्यांदा चालू करणार तो मीच."

सभा इमारतीच्या खालीच, छपराखाली भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, टेबलावर सेक्रेटरींचं बुक आणि बाजूला ताडपत्रीखाली आत्मा. सभेत फोन वाजू नयेत असा ठामरावांनीच कधीकाळी मांडलेला ठराव होता, त्यांचा मंजूर झालेला एकमेव, म्हणून ते फोन वर ठेवून आले होते. मेहुणाही हजर होता. म्हणाला, ताईला भेटायला आलो, पण बसला पहिल्या रांगेत.

दिव्यांचं झालं, झाडूचं झालं, गच्चीत कोण कपडे झटकतं याचं झालं. दर विषयाला ठामराव इतकी लांब चर्चा करत होते की डॉक्टरांनी दोनदा जबड्याला हात लावला. शेवटी जागेचा विषय आला. सेक्रेटरींनी फाटकाकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. फाटकातून एक सायकल आत आली आणि लाजून परत गेली.

तेवढ्यात जिन्यावरून बायको उतरली. हातात ठामरावांचा फोन. चेहरा असा, की धाकटी खुर्चीतून उठली.

"काय गं?" ठामराव म्हणाले.

"मिस्त्रीचा फोन होता." ती थांबली. "म्हणाला, इंजिन बसलं."

"आणखी काही?"

"नाही. ठेवूनच दिला."

कुत्र्याने ताडपत्रीवरून मान वर केली. मेहुणा हलकेच उठून खांबाआड गेला आणि दबक्या आवाजात कुणाला तरी पत्ता सांगू लागला. सेक्रेटरींनी बुक ठामरावांपुढे सरकवलं, पेन उघडून दिलं, वर पाठीवर हातही ठेवला.

"दुसरंही गेलं म्हणायचं. होतं असं. तुम्ही शर्थ केलीत. इथे सही करा म्हणजे..."

आयुष्यभर एका अक्षराची चूक पकडणाऱ्या त्या माणसाने तो शब्द ऐकला होता आणि त्याचा एकच अर्थ लावला होता. ठामरावांनी पेन हातात घेतलं. बायकोला वाटलं आता करतात सही. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि ते सेक्रेटरींच्या खिशात परत ठेवलं.

"सभा संपलीय?"

"नाही, अजून एक विषय..."

"मग माझी मुदतही संपलेली नाही. बसलंय ना? बसलेलं उठवतात. नाही उठलं तर मी थोरलीला ढकलत आणीन, या जागेवर उभी करीन, आणि मग बघतो कोण हलवतंय."

"चढ आहे हो," डॉक्टर म्हणाले.

"मी ठाम आहे."

"दोर लागेल," बायको मागून म्हणाली. तिने कपडे वाळत घालायचा दोर भिंतीवरून सोडवलासुद्धा होता. "अहो, बघताय काय? चला. नाहीतरी भाजीच्या पिशव्या माझ्याच हातात येणार आहेत."

ठामराव निघाले, मागे दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन बायको, मागे धाकटी. डॉक्टरांना शेवट चुकवायचा नव्हता. सेक्रेटरींची पंचाईत झाली. सभा तहकूब केली नव्हती, आणि गाडी ढकलत आणली की स्वतःच्या इंजिनावर, याचा साक्षीदार हवा. त्यांनी बुक काखेत मारलं आणि सभा पायी गॅरेजकडे निघाली.

मिस्त्री थोरलीच्या बंपरवर बसून चहा पीत होता. तोंडात स्क्रू नव्हते. ते एका अर्थी शुभच होतं, पण बघतो कोण?

"कसं बसलं?" ठामरावांनी विचारलं. "एका दिवसात? चालूसुद्धा न करता?"

"एका दिवसात कुठं? किती दिवस बसत नव्हतं, तुम्ही रोज विचारत होता. आज भोकं जुळली, बसलं. झकास बसलंय." मिस्त्रीने दोराकडे पाहिलं, मग अख्ख्या सभेकडे पाहिलं. "हा दोर कशाला? मी चावीसाठी फोन केला होता."

ठामरावांनी खिशात हात घातला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा खिशात होता आणि वळशाला सोबत कार्यकारिणी होती.

"बसवलं म्हणायचं," ते क्षीण आवाजात म्हणाले. "प्रयोजक रूप."

"ते मी बसवलं, म्हणून ते बसलं," मिस्त्री म्हणाला. "बरोबर ना?"

व्याकरणात खोट नव्हती. ठामराव गाडीत चढले. चावी फिरवली. थोरली एकदा खोकली, दोनदा खोकली, डॉक्टर "काढून..." एवढं म्हणाले, आणि इंजिन असं गरजलं की बाजूच्या भिंतीवरची रंगाची डबडी थरथरली. धाकटीने बॉनेटवर हात ठेवला आणि कुणी बघत नाही असं पाहून थोपटलं.

परत जायला चढ होता आणि ऊन डोक्यावर आलं होतं. "मी आपला पायीच," असं सेक्रेटरी म्हणत होते, पण त्यांचे पाय तसं म्हणत नव्हते. ते मागच्या सीटवर आतल्या कोपऱ्यात बसले, मांडीवर बुक. शेजारी डॉक्टर, मग धाकटी. पुढे दोर मांडीवर घेऊन बायको. दार ठामरावांनी बाहेरून स्वतः लावलं.

थोरली स्वतःच्या इंजिनावर फाटकातून आत आली, आणि थांबली. जागेवर आत्मा बसला होता. हमालांनी आणून ठेवलेलं ते धूड ठामरावांच्या बापाच्याने हललं नसतं.

"जागेवर उभी राहिली पाहिजे असं ठरलंय," मागून सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या आवाजात प्राण परत आला होता. "दार उघडा, टेबलाशी जाऊन मी सभा संपवतो."

तेवढ्यात पाठोपाठ फाटकातून क्रेन आली. खांबाआडून मेहुणा पुढे झाला आणि थोरलीला गुरगुरताना पाहून जागीच थिजला. क्रेनवाला खाली उतरला. "भंगार कुठलं न्यायचं? मला सांगितलं, इंजिन बसलेली वस्तू आहे."

ठामरावांनी उतरून मेहुण्याकडे पाहिलं. फार दिवसांनी त्यांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं.

"बरोबर सांगितलंय. आमच्या मेहुण्याने खास बोलावलंय तुम्हाला." त्यांनी ताडपत्री ओढली. कुत्रं उठून गेलं. "हे न्या. हे बसलेलं आहे. जुन्या अर्थाने."

डॉक्टर आणि धाकटी मागून हाका मारू लागले. ठामरावांनी दार उघडलं, दोघं हूक कुठे अडकवायचा ते दाखवायला धावली, आणि धाकटीने लहानपणापासूनच्या सवयीने दार धाडकन लावून टाकलं. सेक्रेटरी कोपऱ्यातून सरकत सरकत येईपर्यंत दार बंद झालं होतं. क्रेनने इंजिन उचललं. ते हवेत लोंबकळताना डॉक्टर समाधानाने म्हणाले, "बघा, काढून टाका म्हणत होतो की नाही?"

थोरली आत सरकली. डोक्यावर छप्पर, बाजूला लिफ्ट. ठामराव खाली उतरले आणि मागच्या खिडकीपाशी गेले. काच अर्धीच खाली येत असे.

"दार उघडा हो," सेक्रेटरी आतून म्हणाले.

"सभा चालू आहे. आधी लिहा."

सेक्रेटरींनी घाम पुसला आणि लिहिलं: "सदर वाहन स्वतःच्या इंजिनावर चालत आले व आपल्या जागी बसले." मग बुक खिडकीच्या फटीतून बाहेर दिलं.

ठामरावांनी चष्मा लावला. शर्टच्या खिशातून लाल पेन काढलं. वाक्य एकदा वाचलं, बोट ठेवून पुन्हा वाचलं, "बसले" वर आडवी रेघ मारली आणि समासात सुबक अक्षरांत लिहिलं, "उभे राहिले".

"अहो, अर्थ तोच ना?" सेक्रेटरी म्हणाले. "बसले काय नि उभे राहिले काय. उकडतंय इथे."

"त्या एका शब्दापायी मघाशी माझी जागा जात होती," ठामराव म्हणाले. "करा सही. 'उभे' वर मी ठाम आहे."

सेक्रेटरींनी सही केली. मग ठामरावांनी दार उघडलं.